मळ्यातला निरोप्या : प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर २०२४

नाशिकजवळच्या मखमलाबादचा मळा. घरापासून विहिरीवरची मोटर साधारण सातशे मीटरवर, मध्ये द्राक्षबाग आणि बांधावरची निलगिरी. शेतीच्या फीडरला (वीजवाहिनीला) थ्री फेज लाइट आठ तास, पाळी कधी दिवसाची तर कधी रात्रीची. रात्रीची पाळी लागली की आप्पा मोटरवर जातात आणि ते परत येईपर्यंत आई स्वयंपाकघरात बसून राहते.

मोटरला मोबाइल स्टार्टर आहे, घरी बसून फोन लावला तरी ती सुरू होते. पण व्हॉल्व्ह बदलायला, फिल्टर धुवायला, ठिबकची नळी कुठं निसटली का ते बघायला माणूस लागतोच. आणि तिथं गेलेल्या माणसाचा फोन लागत नाही. विहिरीपाशी रेंज येते-जाते. लागला तरी आप्पांचे हात चिखलात किंवा औषधात असतात, फोन पिशवीत गुंडाळून खिशात. पूर्वी ते घराकडं टॉर्च दाखवायचे, दोनदा दाखवली की पाणी आलं असं ठरलेलं. निलगिरी वाढली आणि तेही गेलं.

बरेच दिवस डोक्यात आहे की घराला निव्वळ निरोपासाठी एक वायरलेस डबा असावा का. फक्त निरोप, दुसरं काही नाही. हातात फोन असताना वेगळा डबा कशाला, हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर अंदाजानं द्यायचं नाही. दोन जोड्या करतो. एक मोटर ते स्वयंपाकघर, दुसरी घरातल्या घरात, खालचं स्वयंपाकघर ते वरची खोली. द्राक्षं उतरेपर्यंत वापरून बघायच्या आणि मग ठरवायचं.

९ ऑक्टोबर, रात्री

यंत्राला हात लावण्याआधी निरोप कोणते, ते लिहून काढायला बसलो. आई आणि आप्पा दोघांना वेगवेगळं विचारलं. आप्पा म्हणाले, "पाणी आलं, पाणी गेलं, आणि कुणाला तरी पाठवा. एवढंच असतं रे." आई म्हणाली, "ते काय सांगतात त्याचं मला एवढं नाही. मी इथं जागी आहे आणि मला कळलं, हे त्यांना कळायला पाहिजे. नाहीतर ते फोन लावत बसतात रेंज शोधत, अंधारात बांधावर उभं राहून."

माझ्या वहीत निरोप पाठवण्याचा विचार भरपूर होता, पोच मिळण्याचा फारसा नव्हता. आईच्या या बोलण्यानं सगळी मांडणी बदलते. डब्यावर सगळ्यात मोठं बटण 'समजलं' हे असेल.

१३ ऑक्टोबर

काल दसरा, आज रेडिओ कोणता ते पक्कं केलं.

घरातल्या जोडीला ईएसपी३२ ही छोटी वायफाय चिप पुरेल. एस्प्रेसिफच्या या चिपांना राउटरशिवाय एकमेकींशी बोलायची सोय आहे, तिला ईएसपी-नाऊ म्हणतात. तिच्या मूळ आवृत्तीत एका वेळी २५० बाइटपर्यंत मजकूर जातो, आपल्याला त्याच्या पासंगालाही लागत नाही. पण ती चालते २.४ गिगाहर्ट्‌झवर. ओल्या पानांतून ही लहर लांब जात नाही, आणि ऐकणारी चिप सतत जागी ठेवली तर बॅटरी एका दिवसातच खाली येते. भिंतीतल्या सॉकेटवर चालणाऱ्या घरच्या डब्याला ते चालेल. विहिरीवर नाही.

विहिरीसाठी लोरा, कमी विजेत लांब पल्ला गाठणारी रेडिओ पद्धत. चिप सेमटेकची एसएक्स१२६२. या पद्धतीत लहरीची वारंवारता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं सरकत जाते, आणि त्या सरकण्यातच माहिती असते. त्यामुळं गोंगाटाच्या खाली गेलेला संदेशही ओळखू येतो. किंमत मोजावी लागते वेगात. पण 'पाणी आलं' सांगायला वेग कशाला पाहिजे? नुसतं ऐकत बसायला या चिपेला पाचेक मिलिअँपिअर लागतात. एक १८६५० सेल (रिचार्ज होणारा लिथियमचा) आणि शेडवर छोटी सोलर प्लेट, एवढ्यावर निभावेल.

आपल्याकडं ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा २००५ पासून कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याशिवाय खुला आहे, पुढं २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला. मूळ नियमात ट्रान्समीटर एक वॉटपर्यंत आणि लहरीची रुंदी २०० किलोहर्ट्‌झपर्यंत. ऑनलाइन ९१५ मेगाहर्ट्‌झचे मॉड्यूल सर्रास स्वस्तात मिळतात. ते अमेरिकेसाठी आहेत. घेताना ८६८ चाच घ्यायचा आणि प्रोग्राममध्ये ८६६ वर बसवायचा.

मेश्टॅस्टिक हे लोरासाठीचं तयार फर्मवेअर, म्हणजे चिपेत भरायचा प्रोग्राम, तेही बघितलं. डोंगरात फिरणाऱ्यांसाठी फार चांगली गोष्ट आहे. पण त्याची नेहमीची सेटिंग २५० किलोहर्ट्‌झ रुंदी वापरते, आणि निरोप लिहायला बहुतेक वेळा फोनच जोडावा लागतो. फोन नको म्हणून तर हे सगळं. त्यामुळं माझा प्रोग्राम मीच लिहितोय : रुंदी १२५ किलोहर्ट्‌झ, स्प्रेडिंग फॅक्टर ९ (हा आकडा जितका मोठा तितका पल्ला लांब आणि वेग कमी).

२० ऑक्टोबर

छाटणी झालेली, बाग उघडी. नुसते ओलांडे (वेलीच्या आडव्या फांद्या) आणि फुटू लागलेले डोळे. चाचणीला याहून सोपा दिवस मिळायचा नाही, हे लक्षात ठेवायला हवं.

संदेश मजकूर म्हणून पाठवायचा नाही, नुसता क्रमांक पाठवायचा. देवनागरीतलं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, काने-मात्रासुद्धा धरून. 'व्हॉल्व्ह बदलला' एवढं लिहिलं तरी त्रेचाळीस बाइट होतात. त्याऐवजी कोणी पाठवलं, कितवा निरोप, निरोपाचा क्रमांक आणि खरेपणाची खूण, असं सगळं मिळून बारा बाइटांत बसवलं. स्प्रेडिंग फॅक्टर ९ ला ते सुमारे ०.१४ सेकंदात जातं. १२ ला १.१५ सेकंद लागतील. पल्ला वाढतो, पण बॅटरीही त्याच हिशेबानं जाते.

विहिरीच्या शेडमधून स्वयंपाकघरात सिग्नल उणे ९८ डीबीएम (शून्यापासून जितका खाली तितका क्षीण). चिपेची ऐकायची हद्द याच्या बरीच खाली आहे. एकही निरोप गळला नाही.

२७ ऑक्टोबर

मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कंट्रोल पॅनेलचं काम करतो, त्याचा इथं उपयोग झाला. टचस्क्रीन, मेंब्रेन कीपॅड वगैरे काही नाही. पॅनेलवर असतात तीच २२ मिलिमीटरची पुश बटणं. ओल्या हातानं, हातमोज्यानं, कोपरानंही दाबता येतात, आणि दाबलं गेलं हे बोटाला कळतं. डबा पाण्यापासून बंद राहणारा, केबल ग्लँड (वायर आत घ्यायचं घट्ट बूच) खालच्या बाजूनं. वरून भोक पाडलं की पावसाळ्यात पाणी आत येणारच, ते कितीही सिलिकॉन लावा.

विहिरीच्या डब्याला स्क्रीन लावलेला नाही. आप्पांना चष्मा लागतो आणि तो चष्मा घरी असतो. त्यांना वाचायला लावायचं नाही, दिव्यांवर भागवायचं. बटणं तीन : पाणी आलं, पाणी गेलं, कुणीतरी या. दिवे दोन. पिवळा म्हणजे निरोप घरच्या डब्यापर्यंत पोचला. हिरवा म्हणजे घरच्या माणसानं 'समजलं' दाबलं.

हे दोन दिवे वेगळे ठेवण्याचा माझा आग्रह आहे. पहिली पोच यंत्र यंत्राला देतं, दुसरी माणूस माणसाला. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन टिक आल्या आणि निळ्या झाल्या नाहीत तर आपण काय समजतो? अंधारात उभ्या माणसाला तो फरक जास्त लागतो.

३ नोव्हेंबर

भाऊबीज. ताई पुण्याहून आली. डबा बघून म्हणाली, "मलाही एक दे ना, तिकडून आईला निरोप टाकीन. भिंतीवर उमटेल."

कल्पना गोड आहे. आईलाही आवडली. तरी मी नाही म्हणालो, आणि कारणं इथं नीट लिहून ठेवतो. पुण्याहून नाशिकला निरोप यायचा तर इंटरनेट लागणार, मध्ये कुणाचा तरी सर्व्हर लागणार, आणि डब्याचं आयुष्य त्या सर्व्हरएवढंच. याचे दाखले आहेत. फ्रान्सचा नाबाझ्ताग नावाचा वायफायवरचा ससा २००५ मध्ये निघाला. निरोप वाचून दाखवायचा, कान हलवायचा. २०११ मध्ये सर्व्हर बंद झाले आणि घराघरांतले ससे गप्प झाले. लंडनच्या बर्गचा लिटल प्रिंटर २०१२ चा, कागदाच्या पट्टीवर निरोप छापणारा. कंपनी २०१४ मध्येच आटोपती घ्यावी लागली. आणि ट्विटरपीक : २००९ मध्ये आलेलं, फक्त ट्विटर दाखवणारं हातातलं यंत्र. १९९ डॉलरला आयुष्यभराची सेवा म्हणून विकलं. २०१२ च्या सुरुवातीला सेवाच थांबली. ससा आणि प्रिंटर नंतर हौशी लोकांनी खटपट करून पुन्हा चालवले, पण ते ज्यांना जमलं त्यांचं.

एकाच कामाचं यंत्र वाईट, असा याचा अर्थ मी घेत नाही. काम एक होतं, पण त्याची किल्ली दुसऱ्याच्या हातात होती. माझ्या डब्यांमध्ये कंपनी नाही, सिम नाही, महिन्याचं भाडं नाही. दोन्ही टोकं आमच्याच कुंपणात आहेत. ताईचं टोक कोथरूडला आहे. तिनं आईला फोन करावा. आईला तिचा आवाज ऐकायचा असतो.

१० नोव्हेंबर

स्वयंपाकघरातल्या डब्याला २.९ इंची ई-पेपर लावला, २९६ गुणिले १२८ ठिपके. उजेड मारत नाही, ओट्याच्या दिव्यात कागदासारखा वाचता येतो.

देवनागरीनं मात्र रविवार खाल्ला. मायक्रोकंट्रोलरच्या लायब्ररींना अक्षरं जोडता येत नाहीत. 'व्हॉल्व्ह'मधला व वेगळा, हलन्त वेगळा, ह वेगळा. 'मिनिट' लिहिलं तर वेलांटी अक्षराच्या मागं जाऊन बसते. तसलं तुटकं मराठी आईसमोर भिंतीवर टांगायचं नाही, यावर मी ठाम आहे. शेवटी प्रत्येक निरोपाचं चित्र लॅपटॉपवर नीट जुळवून तयार केलं आणि चिपेत भरलं. एका चित्राला ४,७३६ बाइट. आठ निरोप झाले तरी चाळीस केबीच्या आत. क्रमांक आला की त्याचं चित्र उमटतं, शेजारी वेळ. अक्षरं मोठी, चांगल्या वळणाची, जोडाक्षरं पाहिजेत तशी. ठरलेलेच निरोप असण्याचा हा फायदा आहे. मोकळा मजकूर घेतला असता तर हे इतकं सुंदर दिसलं नसतं.

२४ नोव्हेंबर

दोन्ही जोड्या चालू. घरातली जोडी लहान म्हणून लावून टाकली, तिच्याबद्दल नंतर.

आज जास्त वेळ एका गोष्टीवर घातला : काहीच निरोप नसेल तर त्याचा अर्थ काय? आप्पांनी बटण दाबलं नाही, की दाबलं आणि डबा मेलाय? फोनला निदान रेंजच्या काड्या असतात. गप्प बसलेला डबा मात्र सगळं ठीक असल्यासारखा दिसतो.

ई-पेपरनं हा प्रश्न अजून अवघड होतो. त्याचा गुण असा की वीज काढून घेतली तरी चित्र तसंच राहतं. म्हणजे आत सगळं बंद पडलं तरी भिंतीवर 'पाणी आलं, १०:४०' हे दिमाखात दिसत राहणार. आई ते खरं मानणार. निरोपाच्या यंत्रात याहून घातक काही नाही.

म्हणून विहिरीचा डबा दर दहा मिनिटांनी स्वतःहून 'आहे' एवढं कळवतो. अर्धा तास ते आलं नाही तर घरच्या स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत 'संपर्क नाही' उमटतं आणि बझर वाजतो. घरच्या डब्याची वीज संपत आली की शेवटची ताकद स्क्रीन पुसून 'बंद' लिहिण्यात घालवायची, असं प्रोग्राममध्ये बसवलं. शिवाय कोपऱ्यात बारीक हिरवा दिवा, दर पाच सेकंदांनी लुकलुकणारा. आईला सांगितलं, "हा लुकलुकत नसेल तर पाटीवर काहीही लिहिलेलं असो, विश्वास ठेवू नकोस." तिनं लगेच धरलं. म्हणाली, "म्हणजे आधी दिवा बघायचा, मग पाटी."

बाजारात मिळणाऱ्या खेळण्यासारख्या मेसेज-डब्यांमध्ये मी ही सोय शोधली. पाहिले त्यात दिसली नाही. विकत घेणाऱ्यानं रंग आणि आकार बघण्याआधी हे विचारावं.

१५ डिसेंबर

बाग भरली. ऑक्टोबरात उघडी असलेली ओळ आता भिंतीसारखी झालीय, पानं दवानं ओली आणि मधून तारा, अँगल. उणे ९८ चं उणे ११३ झालं. निरोप जातायत, पण पहाटे धुकं आणि दव असताना काही दोनदा पाठवावे लागले. डबा ते स्वतःच करतो, आप्पांना फक्त पिवळा दिवा उशिरा दिसतो.

स्प्रेडिंग फॅक्टर वाढवायचा मोह टाळला. शेडवरचा अँटेना जीआय पाइपवर चढवून मांडवाच्या वर काढला, केबल कमीत कमी लांबीची ठेवली. लगेच उणे १०२. पैसे घालायचे तर अँटेनाच्या उंचीत घालावेत, महागड्या मॉड्यूलमध्ये नाही.

५ जानेवारी २०२५

या भागात बिबट्या नवा नाही, पण या आठवड्यात शेजारच्या बांधावर ठसे दिसले आणि आईनं विषय काढला : "एक बटण त्याचं पण कर."

यावर आम्ही तिघं बराच वेळ बोललो. आधीचं तिसरं बटण 'कुणीतरी या' हे आहे. बिबट्या दिसला आणि आप्पांनी घाईत तेच दाबलं, तर मी टॉर्च घेऊन अंधारात बागेतून धावत निघणार. नेमकं तेच व्हायला नको. तेव्हा नव्या बटणाचा निरोप 'बाहेर पडू नका' असा पाहिजे, आणि ते हाताला चुकूनही 'या' सारखं लागता कामा नये. बाकीची बटणं चपटी, हे मोठं मशरूमच्या आकाराचं लाल, पॅनेलवर इमर्जन्सी स्टॉपला असतं ते. डब्याच्या पुढच्या बाजूला नाही, उजव्या कुशीला. घरच्या बझरचा आवाजही वेगळा, थांबून थांबून नाही तर सलग.

आप्पांनी विचारलं, "आणि मी काय करायचं?" रास्त प्रश्न. निरोप घरी गेल्यानं विहिरीवरच्या माणसाचं रक्षण होत नाही. म्हणून तेच बटण दाबलं की शेडवरचा हूटर आणि फ्लड लाइट सुरू होतात, आणि शेडला आतून कडी बसवली. वनविभागाच्या १९२६ ला कळवायचं काम घरातून, फोननं. तिथं फोनच लागतो, त्याची जागा डबा घेऊ शकत नाही आणि घेऊही नये.

१९ जानेवारी

घरातली जोडी काढली.

चालत नव्हती म्हणून नाही, उत्तम चालत होती. वर पुतण्या अभ्यासाला बसतो, खाली वहिनी 'जेवायला ये' बटण दाबायची. सुरुवातीला त्यालाही मजा वाटली. मग वहिनी जिन्यातून हाक मारायला लागली. मी विचारलं तर म्हणाली, "भाऊजी, हाक मारली की तो 'आलो' म्हणतो, आणि त्या आवाजावरून मला कळतं की खरंच उठलाय का नुसता म्हणतोय."

याच्यापुढं माझा हिरवा दिवा काय सांगणार? जिथं हाक पोचते तिथं डबा ठेवू नये. ती चिप आता सोलर प्लेटचा व्होल्टेज मोजायच्या कामाला लावतोय.

९ फेब्रुवारी

रात्रीची पाळी. 'पाणी आलं' उमटलं, आईनं 'समजलं' दाबलं, ओट्यावरचा दिवा घालवला आणि झोपायला गेली. आप्पा परत येण्याची वाट न बघता. वहिनीनं मला बोलावून दाखवलं. इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा बघितलं.

माझ्यापुरता निकाल झाला. हा डबा घरात राहणार. फोन सगळं करतो, पण हात ओले असताना, चष्मा नसताना, रेंज नसताना करत नाही, आणि आमच्याकडं हे तिन्ही एकाच वेळी असतं. ज्या घरात असं काही नाही, त्यांनी हौस म्हणून जरूर करावा, गरज म्हणून विकत घेऊ नये.

२ मार्च

खुडा चालू आहे, सवड कमी. कालव्यापलीकडच्या काकांनी त्यांच्या मळ्यासाठी एक जोडी मागितली. सामानाचा खर्च साडेतीन हजारांच्या आसपास जाईल असं सांगितलं, अँटेनाचा पाइप त्यांचा. त्यांची वारंवारता आमच्यापासून ४०० किलोहर्ट्‌झ लांब ठेवतो आणि किल्ली, म्हणजे निरोप कुणाचा ते ओळखायचा गुप्त आकडा, वेगळी, म्हणजे त्यांचं 'पाणी आलं' आमच्या भिंतीवर यायचं नाही. लाल बटण मात्र दोन्ही घरांत वाजावं असं काकांचं म्हणणं आहे, आणि ते मला पटतं. बांध एकच आहे. त्यासाठी एक सामाईक किल्ली ठेवावी लागेल आणि दोन्ही डब्यांनी ठरावीक वेळानं एकमेकांच्या वारंवारतेवर कान द्यावा लागेल. खरड छाटणीच्या आधी प्रोग्राम बदलून घेतो, आणि पावसाळ्याआधी दोन्ही अँटेनांच्या जोडांवर सेल्फ-फ्यूजिंग टेप.